दैवाचा क्रमांक पाचवा

होस्टिंगच्या करारात, बहुधा कोणी वाचत नाही अशा पानावर, दैवी आपत्तीचे एक कलम असते. भूकंप, पूर, युद्ध, दंगल यांच्या रांगेत अलीकडे ‘त्रयस्थ सेवा खंडित होणे’ हेही येऊन बसले आहे. असे काही घडून मेल बंद पडली तर पुरवठादाराला जबाबदार धरता येणार नाही, असे ते कलम सांगते. जळगावच्या एमआयडीसीतला पाइपचा कारखाना घ्या, सावद्याचे केळीचे पॅकहाऊस घ्या किंवा धुळ्यातली पतसंस्था घ्या. अशा ठिकाणी मेल सर्व्हर स्वतःच्या कार्यालयात असणे आता जवळजवळ संपले आहे. तो मुंबईत, चेन्नईत, सिंगापुरात किंवा मालकालाही माहीत नसलेल्या गावी असतो, आणि तो थांबला की इकडे एकच उत्तर मिळते : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ हे उत्तर ‘यंदा पाऊस नाही’ याच सुरात दिले जाते. त्यात कोणी काही केले, कोणी काही करायचे राहिले, याचा मागमूस नसतो. भाड्याने घेतलेले यंत्र दुसऱ्याच्या घरी बंद पडले तर त्याला दैव म्हणावे का, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी मुळात कर्तेपणाचा आहे. म्हणून तो आपल्या धर्मग्रंथांच्या कक्षेत येतो.

खानदेशात तर तो यायलाच हवा. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ऐकणाऱ्यांची स्थिती लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांच्या हातात काहीच नव्हते. जेवण, काम, झोपेची वेळ, घरी जाणारे पत्र, सगळे दुसऱ्याच्या मर्जीने चाले. ज्यांची सारी साधने परक्यांच्या ताब्यात आहेत अशा माणसांपुढे कर्माची आणि कर्त्याच्या जबाबदारीची चर्चा झाली, आणि ती कोणाला गैरलागू वाटली नाही. साधन आपल्या मालकीचे नाही म्हणून कर्तेपण संपत नाही, हे त्या प्रसंगातूनच निघते. अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेटजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले तेही गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या गावात. तेव्हा व्यापार आणि वेदान्त एकत्र बसवणे आपल्याकडे नवे नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : ते जिथे घडते ते अधिष्ठान, करणारा कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, त्या साधनांच्या नाना हालचाली, आणि पाचवे दैव. कर्म योग्य असो वा विपरीत, शरीराने, वाणीने किंवा मनाने केलेले असो, पाचांनाही जमेस धरावे असे तिथे म्हटले आहे. दैव नाकारलेले नाही, पण त्याला रांगेत शेवटी उभे केले आहे. शिवाय शंकराचार्यांच्या भाष्यात या दैवाचा अर्थ नशीब असा नाहीच. डोळा पाहतो त्यामागे सूर्य असतो, तशी प्रत्येक इंद्रियाला साहाय्य करणारी जी शक्ती आहे ती इथे दैव. म्हणजे ज्याच्या आधारावर आपले साधन चालते पण जे आपल्याला दिसत नाही, ते. मेल सर्व्हरच्या मागे नेमके असेच काहीतरी उभे असते : वीज, समुद्राखालच्या केबली, डोमेनच्या नावाची नोंद, कोणीतरी लिहिलेली आणि कोणीतरी दुरुस्त करायची प्रणाली. गीतेचा हिशेब मान्य केला तर सर्व्हर बंद पडल्यावर दैवाचे नाव घ्यायला हरकत नाही. मात्र त्याआधी चार रकाने भरलेले असले पाहिजेत. करारातले कलम पहिले चार रकाने कोरे ठेवून थेट पाचव्यावर शिक्का मारते. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि तो घडलेल्या प्रकरणांवरून तपासता येतो.

सर्वांत बोलके प्रकरण टेक्सासच्या रॅकस्पेस या कंपनीचे. ‘तुमची मेल आम्ही सांभाळतो’ हाच तिच्या त्या सेवेचा अर्थ होता आणि सुमारे 30,000 ग्राहकांनी आपला पत्रव्यवहार तिच्याकडे सोपवला होता. त्यांत छोटे आणि मध्यम धंदेवाले पुष्कळ. 2 डिसेंबर 2022 रोजी ती मेल थांबली. खंडणीखोरांनी सर्व्हर कुलूपबंद केले होते. प्रथमदर्शनी हे दैवच, चोर काही सांगून येत नाही. पण पुढे उलगडले ते असे : मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबरमध्ये दुरुस्ती उपलब्ध केली होती. ती बसवली तर लॉगिनमध्ये अडचणी येतात असे कानावर आल्यामुळे कंपनीने ती लांबणीवर टाकली आणि तात्पुरत्या उपायावर भागवले. हल्लेखोरांनी त्या तात्पुरत्या उपायाला वळसा घातला. यात अधिष्ठान आहे, साधन आहे, साधनाची हालचाल आहे आणि एक निर्णय घेणारा कर्ताही आहे. तो निर्णय मूर्खपणाचा होता असे मी म्हणत नाही. चालू सेवा बिघडू नये ही भीती प्रत्येक तंत्रज्ञाला असते. पण निर्णय होता, तारखेसह होता. ती सेवा कंपनीने पुन्हा सुरूच केली नाही, ग्राहकांना दुसरीकडे हलवले आणि जुनी पत्रे परत मिळायला अनेकांना फार थांबावे लागले. आता ग्राहकाच्या बाजूचा रकाना भरून पाहा. ज्याने आपल्या पत्रांची एखादी प्रत स्वतःजवळ ठेवली होती त्याला त्या डिसेंबरात त्रास झाला, पण त्याची वर्षानुवर्षांची पत्रे कोणाकडे ओलीस पडली नाहीत. सर्वांवर आपत्ती एकच, आणि तरी तिचे फळ वेगवेगळे. फळ वेगळे पडते त्याअर्थी दैवाखेरीज दुसरी कारणे काम करत होती, हे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही पटेल.

दुसरी दोन प्रकरणे याहून विचित्र आहेत, कारण त्यांत एकही यंत्र बिघडले नव्हते. 24 सप्टेंबर 2018 रोजी झोहो या आपल्याकडच्याच कंपनीचे डोमेन अचानक बंद झाले आणि तिच्या मेलवर विसंबलेले जगभरचे धंदे अडकले. सर्व्हर धडधाकट होते. डोमेनच्या नावाची नोंद ज्या परदेशी संस्थेकडे होती तिने फसव्या मेलच्या मोजक्या तक्रारींवरून ते नावच स्थगित केले होते, आणि कंपनीच्या प्रमुखांना ट्विटरवर मदतीची हाक द्यावी लागली. मेल सांभाळणाऱ्यानेही आपले नाव दुसऱ्याकडे सांभाळायला दिलेले होते. जुलै 2025 मध्ये नायरा एनर्जीचे प्रकरण घडले. गुजरातेत वाडीनारला रिफायनरी आणि देशभर हजारो पेट्रोल पंप असलेल्या या कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध लादले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिची मेल आणि इतर सेवा थांबवल्या. पैसे भरलेले होते, करार चालू होता, भारताच्या कायद्याने कोणताही गुन्हा नव्हता. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मधल्या काळात मेलसाठी मुंबईच्या रेडिफकडे वळली. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केल्या. वाडीनारच्या कार्यालयातल्या कारकुनाच्या दृष्टीने ‘सर्व्हर डाऊन’ आणि ही घटना यांत पडद्यावर काहीही फरक दिसला नसेल. पण एकीकडे यंत्राचा थकवा आणि दुसरीकडे ब्रुसेल्समधला ठराव. जे दिसत नाही त्याला आपण दैव म्हणतो, आणि न दिसणाऱ्यात बहुतेक वेळा माणसेच बसलेली असतात.

आपला कायदा या बाबतीत गीतेच्या बाजूने उभा आहे, असे म्हणायला जागा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या कलम 13 प्रमाणे, तुम्ही मेलसाठी एखादी जागा ठरवून दिली असेल तर पत्र त्या जागी दाखल झाले त्या क्षणी ते तुम्हाला मिळाले असे धरले जाते. तुम्हाला ते उघडता आले की नाही हा वेगळा विषय. जीएसटीच्या कायद्यात मेलवर पाठवलेली नोटीसही बजावलेली मानली जाते. म्हणजे पत्र होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर पोचले आणि लॉगिन बिघडल्यामुळे धुळ्याच्या व्यापाऱ्याला ते दिसले नाही, तरी मुदत धावू लागते. तो सर्व्हर कायद्याच्या नजरेत व्यापाऱ्याचाच उंबरठा आहे. 1872 चा करार कायदा तर कधीपासून सांगतो की मुखत्याराने केलेले काम मालकाने केल्यासारखेच मालकाला बांधते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2023 मध्ये माहिती तंत्रज्ञानाची कामे बाहेर सोपवण्याबाबत निर्देश काढले. काम बाहेर दिले तरी ग्राहकाविषयीचे दायित्व कमी होत नाही आणि अंतिम जबाबदारी संचालक मंडळाचीच, असे त्यांत स्पष्ट आहे. मोठ्या नागरी सहकारी बँकाही त्यांच्या कक्षेत येतात. हे निर्देश किती नेमके होते ते पुढच्याच वर्षी दिसले. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या सेवापुरवठादार कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला, देयक व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्या व्यवस्थेपासून तोडले आणि देशातल्या सुमारे 300 छोट्या बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका. त्यांच्या खातेदाराने सी-एज हे नाव कधी ऐकलेले नसणार. त्याने पैसे आपल्या बँकेत ठेवले होते, आणि तो विचारणा करायला तिथेच गेला. तो बरोबरच होता.

इथे एक जुना आणि वजनदार आक्षेप येतो. गीता तर म्हणते की शुद्ध आत्म्याला कर्ता मानणारा दुर्मती होय. फळावर आपला अधिकार नाही. मग सर्व्हर बंद पडला तर शांत राहावे, ‘मी कोण करणारा’ म्हणावे, यात चूक काय? अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात ज्या अद्वैताची वर्षानुवर्षे मीमांसा झाली त्याचा हाच निष्कर्ष नाही का? या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. पण दुर्मतीचा हा श्लोक पाच कारणांच्या श्लोकांनंतर येतो, आधी नाही. ज्याने पाचही कारणे पाहिली त्याचा अहंकार गळतो. ज्याने एकही पाहिले नाही त्याला अकर्तेपण फुकटात मिळत नाही. त्याच अध्यायात त्यागाचे तीन प्रकार आहेत, आणि आजच्या या बाहेर काम सोपवण्याच्या रीतीवर याहून चांगले भाष्य मला आढळलेले नाही. नियत कर्म मोहाने, म्हणजे ते आपले आहे हेच न कळल्यामुळे सोडणे हा तामस त्याग. ते त्रासाचे आहे म्हणून, कायाक्लेशाच्या भयाने सोडणे हा राजस. आणि कर्म करत राहून त्याची आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. होस्टिंगवाल्याला मेल सोपवताना आपण यांपैकी काय करतो? बहुतेक कार्यालयांत पासवर्ड कोणाकडे, बॅकअप कुठे, कराराची मुदत कधी संपते, हे कोणालाच सांगता येत नाही. हा पहिला प्रकार. ‘ती कटकट नको, त्यांचे ते बघून घेतील’ हा दुसरा. राजस त्यागाला त्यागाचे फळ मिळत नाही असे गीता म्हणते, आणि ज्याची कटकट टाळली ती मेल बंद पडल्याच्या दिवशी व्याजासकट परत येते. तिसऱ्या प्रकारात काम दुसऱ्याच्या हाताने होते, पण लक्ष आपले राहते. आणि लक्ष ठेवूनही बिघडले तर छाती बडवली जात नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे आणि तो अधिक प्रामाणिक वाटतो. चार माणसांच्या डाळ मिलने स्वतःचा मेल सर्व्हर चालवावा काय? चोवीस तास वीज, तंत्रज्ञ, विषाणूंपासून राखण, हे तिला परवडणार नाही आणि जमणारही नाही. तिच्या सर्व्हरहून परका सर्व्हर दहापट भरवशाचा. हे खरे आहे. मी परावलंबनाविरुद्ध बोलतच नाही. गीतेचा तिसरा अध्याय परस्परांना पोसण्यावरच यज्ञाचे चक्र उभे करतो, आणि स्वावलंबनाचा हट्टही एक अहंकारच. पण अवलंबून राहण्याच्या रीती असतात, आणि धुळे जिल्ह्याने त्यांतली एक फार उत्तम रीत शतकानुशतके चालवली आहे. पांझरा नदीवरची सामूहिक सिंचनाची फड पद्धत पाहा. नदी कोणा शेतकऱ्याच्या मालकीची नाही, वरचा पाऊस त्याच्या हातात नाही, पाणी पाटकऱ्याने सोडायचे. तरी कोणत्या फडात कोणते पीक, पाळी कोणाची, पाट कोणी साफ करायचा, हे ठरलेले. आणि बंधाऱ्यात पाणी कमी असेल तर कोणता फड पेरायचा नाही हे सगळ्यांनी मिळून आधी ठरवायचे. टंचाई त्यांनी करारातून वगळली नाही, करारात घेतली. एखाद्या वर्षी बंधारा कोरडा पडला तर ते दैव खरेच, पण मग कोणी कोणाच्या दारात जाऊन ओरडत नसे, कारण ज्याचे त्याने केलेले असे. डाळ मिलला सर्व्हर चालवायचा नाही. तिला फक्त आपल्या पाटावर लक्ष ठेवायचे आहे. मेलची एक प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे किंवा कपाटातल्या डिस्कवर असावी, आणि ती त्याच इमारतीत नसावी. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले तेव्हा बॅकअप त्याच आवारात असलेले ग्राहकही होते. महत्त्वाच्या ग्राहकांचे फोन नंबर कागदावर असावेत. यात लाखाचा खर्च कुठेही नाही.

मग शुद्ध दैव उरते किती? उरते, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. 15 डिसेंबर 2020 रोजी जीमेलमध्ये बिघाड झाला आणि काही तास अनेक चालू पत्त्यांवर पाठवलेली पत्रे ‘असा पत्ता अस्तित्वात नाही’ या शेऱ्याने परतली. पाठवणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला यात काहीही वेगळे करण्यासारखे नव्हते. या बिघाडाची एक बाजू तांत्रिक असली तरी सांगण्याजोगी आहे. मेलच्या नियमावलीत तात्पुरता नकार आणि कायमचा नकार असे दोन भेद आहेत. घेणारा सर्व्हर बंद असेल किंवा तात्पुरता नकार देत असेल तर पाठवणाऱ्या सर्व्हरने पत्र टाकून द्यायचे नाही. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा, आणि किमान चार ते पाच दिवस आशा सोडायची नाही. हा धीर यंत्रणेच्या पोटात कित्येक दशकांपासून मुरलेला आहे. त्या दिवशी जीमेल तात्पुरत्या अडचणीला कायमचा नकार म्हणत होती म्हणून गोंधळ झाला. ती नुसती गप्प राहिली असती तर पत्रे वाट पाहत थांबली असती. सर्व्हर बंद पडल्यावर घायकुतीला येऊन तासाभरात नवा पुरवठादार गाठणारे, डोमेनच्या नोंदी अर्धवट बदलून ठेवणारे नेमकी हीच चूक करतात. रांगेत थांबलेली पत्रे त्यामुळेच हरवतात. केळीच्या कंटेनरची कागदपत्रे न्हावाशेव्याला आजच जायला हवीत आणि कंटेनरमधले तापमान तेरा अंशांवर धरून ठेवले तरी फळ अनंत काळ थांबत नाही, हे मान्य. पण ती कागदपत्रे फोन करून, दुसऱ्या पत्त्यावरून, गरज पडली तर माणूस पाठवून पोचवता येतात. समत्व म्हणजे निष्क्रियता असे कोणी म्हटलेले नाही.

राहिला राग. बंद पडलेल्या दिवशी तो बरसतो हेल्पलाइनवर बसलेल्या पोरावर. पाच कारणांच्या हिशेबात तो पोरगा फार तर एक करण आहे. कर्ता तर नक्कीच नाही. दुरुस्ती लांबवण्याचा निर्णय त्याने घेतला नाही, स्वस्तातला करार त्याने निवडला नाही, बॅकअप न ठेवण्याचे त्याने सुचवले नाही. ज्याने चार रकाने भरले आहेत त्याला कोणाला काय विचारायचे हे कळते, आणि तो या पोरावर ओरडत नाही. ज्याने ते भरले नाहीत तो एकतर दैवाला दोष देतो किंवा जो हाताला लागेल त्याला. दोन्ही एकाच आळसाची रूपे आहेत.

जळगाव-धुळ्याच्या व्यापारी संघटनांनी आणि सीए मंडळींनी आपल्या सभासदांना आणि अशिलांना एक काम लावून द्यावे, आणि तेही होस्टिंगच्या पुढच्या बिलाची वाट न पाहता : आपल्या डोमेनची नोंद कोणाच्या नावावर आहे ते तपासा. पुष्कळ ठिकाणी ती संस्थेच्या नावावर नसून कधीकाळी वेबसाइट करून दिलेल्या माणसाच्या नावावर निघेल. आधी ती आपल्या नावावर करून घ्या, मग कराराचे ते कलम वाचा.